पायथनमधून पॉडच्या आत पीजी-डंप चालवतोय, फाईल येते पण रिस्टोअरच होत नाही

मखमलाबाद_नाका

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणारे पण जमलं तर पूर्ण वाचा, मी अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

आमची चार जणांची टीम आहे, ऑफिस सातपूरला. पिंपळगाव, दिंडोरी साईडच्या द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतो. कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधून किती क्रेट आले, त्या प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (मालात औषधाचे अंश किती उरलेत त्याची तपासणी) कुठला, माल कुठल्या पॅलेटवर चढला, लेबल कुठलं छापलं, हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये असतं. जानेवारी ते एप्रिल पॅकहाऊस रात्री उशिरापर्यंत चालू असतात. एका पॅलेटचा प्लॉट नंबर जरी गेला तरी तो माल परदेशात पाठवायचा कसा हा प्रश्न उभा राहतो, म्हणून हा बॅकअप माझ्यासाठी नुसता टेक्निकल विषय नाहीये.

तीन नोडचा, म्हणजे तीन मशीनचा, कुबरनेटीस क्लस्टर आहे, आमचा डेटाबेस पोस्टग्रेस त्यातल्या एका पॉडमध्ये (कंटेनर ज्यात चालतात तो डबा) चालतो. ज्याने हे उभं केलं तो मुलगा पुण्याला गेला, आता सगळं माझ्याकडे आहे. मी मूळ पायथनवाला, म्हणून पायथनची क्लायंट लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली. रात्री २ वाजता ती पोस्टग्रेसच्या पॉडमध्ये पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारी कमांड) चालवते, कस्टम फॉरमॅटमध्ये, आणि जे आउटपुट येतं ते फाईलमध्ये लिहिते.

सुरुवातीला 'कनेक्ट_गेट_नेमस्पेस्ड_पॉड_एक्झेक' सरळ बोलावलं तर ४०० (रिक्वेस्ट चुकीची असल्याचा एरर कोड) आला, मेसेज 'अपग्रेड रिक्वेस्ट रिक्वायर्ड'. शोधाशोध केल्यावर कळलं की ते 'स्ट्रीम' फंक्शनमधून बोलवायचं असतं. तसं केलं आणि चाललं. दोन आठवडे रोज सकाळी मोबाईलवर 'बॅकअप ओके' येत होतं, मी पण निश्चिंत.

परवा शनिवारी पॅकहाऊस लवकर बंद झालं म्हणून म्हटलं एकदा रिस्टोअर करून बघू. तर पीजी-रिस्टोअर फाईलच घेईना. आदल्या दिवशीची घेतली, तीच कथा. १४ च्या १४ फाईली तशाच. मग हाताने कुबेक्टल एक्झेक (कमांड लाइनवरून पॉडच्या आत कमांड चालवणं) करून तोच डंप घेतला तर तो व्यवस्थित रिस्टोअर झाला. हाताने घेतलेली फाईल ४० एमबीची आणि स्क्रिप्टची ७४ एमबीची, डेटाबेस तोच, कमांड तीच. आणि एका रात्रीची फाईल तर फक्त १ केबीची आहे, त्या दिवशीही मेसेज 'ओके'च आला होता.

अजून एक गोष्ट, संबंध असेल नसेल माहीत नाही. लेबल प्रिंटिंगचे १४ पॉड आहेत, त्या प्रत्येकात एक छोटी कमांड चालवून रांगेत किती लेबलं अडकलीत ते बघतो. ते थ्रेडमध्ये (सगळे एकाच वेळी चालावेत म्हणून) टाकल्यापासून मधूनच 'हँडशेक स्टेटस २०० ओके' असा एरर येतो. ओके पण म्हणतोय आणि एरर पण देतोय, याचा अर्थच लागत नाहीये.

सीझन ऐन भरात आहे आणि आत्ता माझ्याकडे शनिवारचा हाताने घेतलेला एकच चांगला बॅकअप आहे. झोप उडालीये खरंच.

---

सातपूर_टर्मिनल

सगळ्यात आधी आत्ताच्या आत्ता हाताने अजून एक डंप घ्या आणि क्लस्टरच्या बाहेर कुठेतरी ठेवा, बाकीचं डिबगिंग नंतर.

ते झालं की खराब फाईल हेक्समध्ये उघडून बघा. 'ईएफ बीएफ बीडी' हे तीन बाइट पुन्हा पुन्हा दिसतात का? आणि ती १ केबीची फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा.

---

मखमलाबाद_नाका

डंप घेतला दादा, घरच्या लॅपटॉपवर पण ठेवला.

हो, ईएफ बीएफ बीडी सगळीकडे आहे, अक्षरशः दर ओळीत तीन-चार वेळा. आणि १ केबीच्या फाईलमध्ये पीजी-डंपचाच एरर लिहिलाय, सर्व्हरला कनेक्शन होत नाही म्हणून. म्हणजे एररच बॅकअप म्हणून सेव्ह झाला?

---

गोदाकाठ

हो, एररच सेव्ह झाला, आणि बाकीच्या फाईली ज्या कारणाने गेल्या ते कारण वेगळं आहे. दोन्ही नीट सांगतो. मी स्वतः हे दोन वर्षांपूर्वी भोगलंय, फरक इतकाच की माझ्याकडे लॉग फाईली होत्या, डेटाबेस नव्हता.

आधी हे बघा की एक्झेक केल्यावर होतं काय. तुमची स्क्रिप्ट क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरला सांगते की अमुक पॉडमध्ये अमुक कमांड चालव. एपीआय सर्व्हर ते त्या नोडवरच्या कुबलेटकडे (तिथले पॉड सांभाळणारा प्रोग्राम) देतो, कुबलेट १०२५० पोर्टवर ऐकत असतो, तो कंटेनर रनटाइमला सांगतो आणि रनटाइम त्या कंटेनरच्या आत नवीन प्रोसेस उघडतो. आता साधी एचटीटीपी रिक्वेस्ट म्हणजे एकदा विचारलं, एकदा उत्तर आलं, संपलं. इथे तसं चालत नाही, कमांड चालू असताना दोन्ही बाजूंनी डेटा जात राहिला पाहिजे, म्हणून ते कनेक्शन वेबसॉकेटमध्ये बदलावं लागतं. तुम्हाला सुरुवातीला जो ४०० आला तो याचाच, सर्व्हर म्हणत होता की आधी कनेक्शन अपग्रेड कर. 'स्ट्रीम' तेवढंच काम करतं.

आता त्या एकाच वेबसॉकेटमधून सगळं जातं, म्हणून प्रत्येक मेसेजचा पहिला बाइट हा चॅनेलचा नंबर असतो. ० म्हणजे स्टँडर्ड इनपुट, १ स्टँडर्ड आउटपुट, २ स्टँडर्ड एरर, ३ वर कमांडचा शेवटचा निकाल येतो आणि ४ टर्मिनलची साइज बदलायला. तीन नंबर लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

फाईल का बिघडली ते आता. पायथनची लायब्ररी आलेला डेटा मजकूर आहे असं धरून चालते आणि तो यूटीएफ-८ म्हणून वाचते. जो बाइट यूटीएफ-८ मध्ये बसत नाही तिथे ती थांबत नाही, एररही देत नाही, त्या जागी बदली अक्षर टाकते आणि पुढे जाते. तुम्ही ते परत फाईलमध्ये लिहिलं की त्या एका बदली अक्षराचे तीन बाइट होतात, तेच ईएफ बीएफ बीडी. पीजी-डंपचा कस्टम फॉरमॅट आतून कॉम्प्रेस केलेला असतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास बाइट १२८ च्या वरचे, आणि त्यातले बहुतेक असे बदलले गेले. एकाचे तीन झाले म्हणून ४० ची फाईल ७४ झाली. हाताने केलं तेव्हा कुबेक्टलने बाइट जसेच्या तसे दिले म्हणून ती फाईल चांगली निघाली.

उपाय दोन आहेत. लायब्ररीच्या नव्या आवृत्त्यांमध्ये 'स्ट्रीम'ला 'बायनरी' ट्रू असं देता येतं, मग ती डिकोड करायला जात नाही, हातात सरळ बाइट मिळतात. आवृत्ती जुनी असेल आणि सीझनमध्ये अपग्रेडला हात लावायचा नसेल (मी तरी लावणार नाही) तर पॉडच्या आतच आउटपुट बेस६४ मध्ये (फक्त साध्या अक्षरांत) बदलून घ्या आणि बाहेर आल्यावर उलट करा. फाईल वाटेत एक तृतीयांशने फुगते पण ४० एमबीला काय फरक पडतोय. येणारे तुकडे तिथल्या तिथे डिकोड करू नका, तुकडा चार अक्षरांच्या मधोमध तुटला की गोंधळ होतो. आधी सगळं फाईलमध्ये लिहा, मग एकदम डिकोड करा.

आता १ केबीवाली फाईल. तुम्ही 'स्ट्रीम' नुसतं बोलावलं की ते कमांड संपेपर्यंत थांबतं आणि चॅनेल १ आणि २ एकत्र करून एक स्ट्रिंग हातात देतं. आउटपुट कुठलं आणि एरर कुठला हे त्यात कळायला काही मार्गच नाही, आणि एक्झिट कोड तर येतच नाही. कमांड पार फसली तरी पायथनमध्ये एक्सेप्शन उठत नाही, कारण लायब्ररीच्या दृष्टीने तिचं काम, म्हणजे निरोप आणून देणं, नीट झालं. म्हणून तुमचं 'ट्राय एक्सेप्ट' गप्प बसलं आणि 'ओके' गेला.

म्हणून '_प्रीलोड_कंटेंट' फॉल्स द्या. मग स्ट्रिंगऐवजी चालू कनेक्शनचा ऑब्जेक्ट मिळतो. त्याच्यावर लूप लावायचा: 'इज_ओपन' खरं आहे तोपर्यंत 'अपडेट' करा एक सेकंदाच्या टाइमआउटने, स्टँडर्ड आउटपुटवर काही आलं असेल तर ते वाचून फाईलमध्ये टाका, स्टँडर्ड एररवर आलं असेल तर वेगळ्या लॉगमध्ये. लूप संपल्यावर दोन्ही अजून एकदा वाचा, शेवटचा तुकडा मागे राहू शकतो, आणि मग 'रिटर्नकोड' बघा. तो चॅनेल ३ वरून येतो. कमांड नीट संपली असेल तर तिथे 'सक्सेस', नसेल तर 'फेल्युअर', कारण 'नॉन झिरो एक्झिट कोड' आणि खाली तो आकडा. १२६ म्हणजे फाईल आहे पण चालवता येत नाही, १२७ म्हणजे शेलला कमांडच सापडली नाही, १३७ म्हणजे प्रोसेसला कोणीतरी मारलं, बहुतेक वेळा मेमरीमुळे.

लाईनच मध्ये तुटली तर चॅनेल ३ वर काहीच येत नाही. काही आलं नाही म्हणजे एरर नाही असं कृपा करून धरू नका. शून्य स्पष्ट आला तरच बॅकअप झाला, बाकी काहीही आलं किंवा काहीच नाही आलं तर झाला नाही. 'रिटर्नकोड' वाचताना एक्सेप्शन आलं तर तेही 'झाला नाही' मध्येच धरा.

शेवटचं एक, हे फार जणांचं चुकतं. कमांड ही यादी म्हणून जाते आणि ती शेलमधून जात नाही. म्हणून पीजी-डंप | बेस६४ असं लिहायचं तर आधी शेल बोलवावा लागतो. आणि शेलमध्ये पाइप लावला की एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा येतो, म्हणजे बेस६४ चा, आणि बेस६४ रिकाम्या इनपुटवरही आनंदाने शून्य देतो. पीजी-डंप मेला तरी तुम्हाला परत 'ओके'च दिसेल. म्हणून बॅशला 'पाइपफेल' पर्याय देऊन चालवा. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये बॅश असतं.

---

पंचवटी_डीबी

गोदाकाठ यांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे पण मला मुळातच हा रस्ता पटत नाही, आणि मी जरा ठामपणे सांगते कारण बॅकअप हा माझा रोजचा विषय आहे.

एक्झेक हे दार आहे. आत जाऊन काहीतरी बघायचं, छोटं काहीतरी करायचं, बाहेर यायचं. रोज रात्री अख्खा डेटाबेस त्या दारातून बाहेर काढणं म्हणजे एपीआय सर्व्हर, कुबलेट, मधला लोड बॅलन्सर, आणि तुमची स्क्रिप्ट, या सगळ्यांनी एकाच वेळी शाबूत राहायला हवं. आज ४० एमबी आहे, दोन सीझननंतर ४ जीबी झालं की? दुसरं म्हणजे एक्झेकने उघडलेली प्रोसेस त्या कंटेनरच्याच मेमरी मर्यादेत मोजली जाते. डंपने मेमरी खाल्ली तर मार पोस्टग्रेसलाही बसू शकतो, आणि तोही पॅकहाऊस चालू असताना.

पीजी-डंप नेटवर्कवरून चालतो, त्याला पॉडच्या आत जायची गरजच नाही. क्रॉनजॉब करा, म्हणजे ठरलेल्या वेळी क्लस्टर स्वतःच चालवतो ते काम. इमेज पोस्टग्रेसचीच, सर्व्हिसच्या नावाने कनेक्ट व्हायचं, फाईल वेगळ्या व्हॉल्यूमवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजवर. इमेजची मुख्य आवृत्ती सर्व्हरच्या बरोबरीची किंवा पुढची घ्या, पीजी-डंप आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतो. डेटाबेस थांबवायची गरज नाही, डंप चालू असताना लोक काम करत असले तरी तो ज्या क्षणी सुरू झाला त्या क्षणाचंच चित्र घेतो.

एक्झिट कोडची चिंताही जाते, शून्य नसेल तर जॉब स्वतःच 'फेल्ड' होतो आणि परत प्रयत्न करतो, तुम्ही सांगितलं नसेल तर ६ वेळा. 'कन्करन्सी पॉलिसी' फॉरबिड ठेवा म्हणजे कालचा अडकला असेल तर आजचा त्याच्या डोक्यावर बसणार नाही. वेळेचं लक्षात ठेवा, क्लस्टर बहुतेक वेळा यूटीसीवर असतो, आपले रात्रीचे २ म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे साडेआठ, २०:३०. आवृत्ती १.२७ पासून 'टाइमझोन' फील्ड पक्कं झालंय, तिथे एशिया/कोलकाता लिहा, डोकं लावायलाच नको.

आणि विचारू का, तुमच्या स्क्रिप्टच्या सर्व्हिस अकाउंटला (ज्या खात्याने ती क्लस्टरशी बोलते) परवानग्या काय दिल्यात?

---

मखमलाबाद_नाका

ताई, खरं सांगतो, ४०३ (परवानगी नाही) येत होता म्हणून अख्ख्या क्लस्टरवर काहीही करू देणारी क्लस्टर-अ‍ॅडमिन दिली होती. तात्पुरती म्हणून दिली आणि तशीच राहिली.

क्रॉनजॉबचं पूर्ण पटलं, बॅकअप तिकडे हलवतो. पण लेबलच्या रांगेचं काम एक्झेकनेच करावं लागेल, ती जुनी सर्व्हिस आहे, तिला बाहेरून विचारायची सोयच नाहीये, आत जाऊन कमांड मारली तरच कळतं. आणि पॅकहाऊसवाल्यांना रांग तुंबली की लगेच कळायला हवं, नाहीतर पॅलेट लेबलाविना उभे राहतात आणि माल कोल्ड स्टोरेजच्या बाहेर तापतो.

---

गोदाकाठ

त्याला एक्झेक योग्यच आहे. तर 'हँडशेक स्टेटस २०० ओके'चं कोडं सोडवू.

'स्ट्रीम' आत काय करतं ते सोर्स उघडून बघा, फार मोठं नाहीये. क्लायंट ऑब्जेक्टचं जे नेहमीचं रिक्वेस्ट पाठवायचं फंक्शन आहे ते काढून तिथे थोड्या वेळासाठी वेबसॉकेटवालं फंक्शन बसवतं, काम झालं की जुनं परत ठेवतं. एका थ्रेडमध्ये हे खपून जातं. पण तुमच्या १४ थ्रेडमध्ये क्लायंट एकच असणार. पहिल्या थ्रेडने फंक्शन बदललं, तेवढ्यात दुसरा थ्रेड साधी पॉडची यादी मागायला गेला, आणि त्याची साधी रिक्वेस्ट वेबसॉकेट म्हणून गेली. सर्व्हरने तिला सरळ २०० देऊन यादी पाठवली, पण वेबसॉकेट जुळायचं तर उत्तर १०१ यायला हवं, म्हणून लायब्ररी म्हणते हँडशेक फसला. सर्व्हरची चूक नाही, तुमच्या दोन थ्रेडनी एकच क्लायंट ओढलाय.

प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एपीआय क्लायंट द्या, आणि त्यातही एक्झेकचा वेगळा आणि बाकी कामाचा वेगळा ठेवलात तर उत्तम.

त्याच कामात अजून दोन-तीन ठिकाणी पाय अडकेल म्हणून सांगून ठेवतो. त्या पॉडमध्ये उद्या कोणी साइडकार (सोबतचा दुसरा कंटेनर) टाकला तर कंटेनरचं नाव द्यावं लागेल, नाहीतर एपीआय ४०० देऊन विचारतो की यातला कुठला. आजच नाव देऊन टाका. पॉडचं नाव कोडमध्ये पक्कं लिहू नका, लेबल सिलेक्टरने शोधा, आणि जो रेडी आहे आणि बंद होण्याच्या वाटेवर नाही तोच घ्या. आणि तुमची ती कमांड जेसन देत असेल तर साध्या 'स्ट्रीम'च्या स्ट्रिंगवर भरवसा ठेवू नका, लायब्ररी ते जेसन वाचून परत स्ट्रिंग करते तेव्हा दुहेरी अवतरणाच्या जागी एकेरी येतं, 'ट्रू'चा टी मोठा होतो, आणि मग तुमचा पार्सर अडतो. इथेही '_प्रीलोड_कंटेंट' फॉल्सच.

परवानगीसाठी क्लस्टर-अ‍ॅडमिन आजच काढा, प्लीज. त्या एकाच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) रोल करा: पॉडवर 'गेट' आणि 'लिस्ट', आणि 'पॉड्स/एक्झेक' या सबरिसोर्सवर 'गेट' आणि 'क्रिएट' दोन्ही. दोन का, तर वेबसॉकेट गेट रिक्वेस्टने उघडतं आणि काही क्लायंट पोस्टने जातात. एकच दिलं की कुबेक्टलने होतं आणि स्क्रिप्टने होत नाही, किंवा उलट, आणि माणूस वैतागून परत अ‍ॅडमिन देतो. नेमकं तुमचं तेच झालं असणार. 'कुबेक्टल ऑथ कॅन-आय' ला ते सर्व्हिस अकाउंट देऊन विचारा, हो की नाही सरळ सांगतं.

---

पंचवटी_डीबी

परवानगीवर माझी एक भर. डेटाबेसचा पॉड आणि लेबलचे पॉड वेगळ्या नेमस्पेसमध्ये ठेवा. ज्याला एका नेमस्पेसमध्ये एक्झेक आहे तो तिथल्या कुठल्याही पॉडच्या आत जाऊन एन्व्हायर्नमेंटमधले पासवर्ड वाचू शकतो. लेबलची रांग मोजणाऱ्या स्क्रिप्टला शेतकऱ्यांच्या डेटाबेसचा पासवर्ड दिसायचं काहीच कारण नाही. त्यात त्यांचे बँक खात्याचे नंबर पण असतील ना?

---

मखमलाबाद_नाका

आहेत, पेमेंटचं मॉड्यूल पण आमचंच आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच वेगळं करतो.

---

गंगापूररोड_गो

मी हेच काम गो मध्ये करतो, त्यामुळे पायथनचं वरच्यांनी सांगितलं ते पुरे, मी फक्त टाइमआउटवर बोलतो कारण तो विषय कोणी काढला नाही आणि तो भाषेवर अवलंबून नाही.

समजा तुमची लेबलची कमांड अडकली. तुम्ही ३० सेकंद वाट बघून कनेक्शन तोडलं. तुम्हाला वाटतं कमांड थांबली. ती थांबलेली नसते. कनेक्शन तुटलं म्हणून आतल्या प्रोसेसला कोणी सिग्नल पाठवत नाही, ती कंटेनरच्या आत तशीच पडून राहते. तुमची स्क्रिप्ट दर मिनिटाला नवी कमांड टाकत असेल तर तासाभरात ६० प्रोसेस आत तुंबतात आणि मेमरी भरली की अख्खा पॉड जातो. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं आणि तीन दिवस आम्ही मेमरी लीक शोधत बसलो. गो मध्ये कॉन्टेक्स्ट रद्द केला तरी हेच, तो फक्त आपल्या बाजूची लाईन सोडतो.

म्हणून मुदत आत लावा, बाहेर नाही. कमांडच्या आधी 'टाइमआउट २०' लावून पाठवा, ही कमांड बहुतेक लिनक्स इमेजमध्ये असते. वेळ संपली की आतच प्रोसेस मारली जाते आणि १२४ कोड येतो. बाहेरचा टाइमआउट त्याच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा, ३० वगैरे.

उलटी गोष्टही होते. कमांड चांगली चालू असते पण मिनिटभर काहीच छापत नाही, आणि मधला प्रॉक्सी म्हणतो इथे कोणी नाही, तोडा. एनजिनएक्सची वाचायची मुदत बदलली नसेल तर ६० सेकंद असते, कुबलेटची स्वतःची मात्र ४ तास. त्यामुळे बरोबर एका मिनिटाला तुटत असेल तर क्लस्टरमध्ये शोधू नका, मधल्या प्रॉक्सीत बघा. स्क्रिप्ट क्लस्टरच्या आतच चालवली तर मध्ये सहसा प्रॉक्सी येत नाही, तेच बरं.

आणि कोणी गो वाला वाचत असेल तर: जुनं सगळं स्पीडी प्रोटोकॉलवर होतं, तो प्रोटोकॉल बाहेरच्या जगाने कधीच सोडला आणि बरेच प्रॉक्सी तो ओळखत नाहीत. कुबेक्टल आवृत्ती १.३१ पासून आपणहून वेबसॉकेट वापरतो. क्लायंट-गो मध्ये फॉलबॅक एक्झिक्युटर आहे, आधी वेबसॉकेट करून बघतो, नाही जमलं तर स्पीडी. नवीन कोडमध्ये तोच घ्या.

---

ओझर_रनवे

मध्येच विचारतो, मला उलट करायचंय, बाहेरून एसक्यूएल फाईल स्टँडर्ड इनपुटने आत द्यायची. पायथनने लिहून होतं पण पीएसक्यूएल (पोस्टग्रेसवर एसक्यूएल चालवणारी कमांड) संपतच नाही, तसंच लटकतं.

---

गोदाकाठ

पीएसक्यूएल इनपुट संपायची वाट बघतोय. पायथनची लायब्ररी चॅनेलची चौथी आवृत्ती वापरते आणि त्या आवृत्तीत 'माझं लिहून झालं' हे सांगायची सोयच नाही, ती पाचव्या आवृत्तीत आली. तुमच्या फाईलच्या शेवटी नव्या ओळीवर बॅकस्लॅश-क्यू टाका, पीएसक्यूएल स्वतः बाहेर पडेल. दुसऱ्या कुठल्या कमांडला तसा शब्द नसेल तर आधी किती बाइट येणार ते मोजा आणि आत 'हेड' ला तेवढेच बाइट घ्यायला सांगून पुढे पाइप करा.

---

ओझर_रनवे

चाललं! धन्यवाद.

---

मखमलाबाद_नाका

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पिंपळगावला जावं लागलं होतं.

बॅकअप क्रॉनजॉबवर गेला. त्याच्या मागे दुसरा जॉब लावलाय, तो रोज पहाटे ४ ला ती फाईल एका रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये रिस्टोअर करतो आणि पॅलेट, क्रेट आणि प्लॉट या तीन टेबलांच्या ओळी मोजतो. आकडे जुळले तरच मोबाईलवर मेसेज येतो आणि मेसेजमध्ये ते आकडेच असतात, 'ओके' हा शब्द काढून टाकला. तीन रात्री सलग जुळलेत.

लेबलच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक थ्रेडचा क्लायंट वेगळा केला, तेव्हापासून २०० ओके वाला एरर एकदाही नाही. गंगापूररोडचं वाचून एका लेबल पॉडच्या आत प्रोसेसची यादी बघितली तर खरंच ३८ अडकलेल्या सापडल्या, १४ मधल्या एकाच पॉडमध्ये. 'टाइमआउट २०' लावलं. क्लस्टर-अ‍ॅडमिन काढली, नेमस्पेस वेगळी केली.

एकच विचारायचं राहिलं. त्या जुन्या १३ फाईली, ईएफ बीएफ बीडी वाल्या, त्यातून काही परत काढता येईल का? मधल्या एका तारखेला एका शेतकऱ्याच्या प्लॉटची नोंद कोणीतरी बदललीय, आधी काय होती ते बघायचं होतं.

---

गोदाकाठ

नाही येणार. १४५ असो की २०० असो, सगळ्यांच्या जागी तेच एक बदली अक्षर बसलंय, मागे मूळ काय होतं याची खूणच राहिलेली नाही. त्यात तो डेटा कॉम्प्रेस केलेला. त्याच्यावर वेळ घालवू नका. त्या प्लॉटचं छापलेलं लेबल किंवा रेसिड्यू रिपोर्टचा कागद पॅकहाऊसमध्ये असेल, तिथून मिळवा.

---

मखमलाबाद_नाका

कागद मिळाला. फाईलला लावून ठेवलेला होता, प्लॉट नंबर जुळवून नोंद दुरुस्त केली.

पिंपळगावला गेलो होतो ते यासाठीच. मालकांना समोर बसून सांगितलं की १४ दिवस तुमचा बॅकअप नव्हता आणि मला माहीत नव्हतं. ते चिडले नाहीत पण बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले एप्रिलपर्यंत रोज रात्री शेवटचा पॅलेट भरला की त्या दिवसाची पूर्ण यादी छापून सुपरवायझरच्या कपाटात ठेवायची. ते बटन काल करून दिलं.